धुतलेला गज

आमच्या गल्लीत त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. कपडे टाकायला आलेलं गिऱ्हाईक विचारतं, हा डाग जाईल ना? तो कापड दारातल्या उजेडात धरतो आणि म्हणतो, चकाचक. वर्षानुवर्षं हे एकच उत्तर ऐकून लोकांनी त्याचं नावच चकाचक ठेवलं. त्याची लाँड्री आणि माझं शिवणकामाचं दुकान यांच्यामध्ये एक पातळ भिंत आहे. त्याच्या इस्त्रीची वाफ मला ऐकू येते आणि माझ्या मशीनची खडखड त्याला. तो मला ताई म्हणतो. मी तोंडावर भाऊ म्हणते आणि पाठीमागे बाकीच्यांसारखीच चकाचक म्हणते.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे. कष्टाळू आहे, कोणाच्या अध्यातमध्यात नाही, फक्त तोंडाला विश्रांती म्हणून नाही. साधी सर्दी झाली तरी गल्लीच्या दोन्ही टोकांना त्याची हकीकत पोचते. आणि घाण म्हणून त्याला सहन होत नाही. माझ्या दुकानात आला की बोलता बोलता कपाटाच्या काचेवरचे बोटांचे ठसे बाहीने पुसून टाकतो.

त्याला एकच मुलगी, शाळेत जाणारी. शाळेतल्या संगीताच्या सरांनी तिचा कान हेरला आणि स्वतःचं जुनं व्हायोलिन तिला वापरायला दिलं. आई इस्पितळात पाळीची नोकरी करते आणि पुष्कळदा दिवसा झोपते, तेव्हा घरी वाजवायची सोय नाही. म्हणून मुलगी लाँड्रीच्या मागच्या भागात, हँगरला लटकवलेल्या कोटांच्या आणि पडद्यांच्या रांगेत उभी राहून सराव करायची. पहिल्या वर्षी मी वैतागून भिंतीवर कात्रीची मूठ आपटायचे. पुढे पुढे मीच मशीन थांबवून ऐकायला लागले. चकाचक तर इस्त्री हातात धरून उभाच राहायचा. त्या नादात एकदा कोणाच्या तरी पँटवर इस्त्रीचा ठसा उठला, तर त्या बिचाऱ्याला भरपाईऐवजी मुलीचं कौतुक ऐकून परत जावं लागलं.

मग संगीत विद्यालयाने लहान वयाच्या वादकांसाठी शिष्यवृत्तीची स्पर्धा ठेवली. निवड झाली तर दोन वर्षं तिथल्या जाणत्या शिक्षकांकडे शिक्षण, आणि विद्यालयाचं एक चांगलं वाद्य घरी न्यायला. सरांनी मुलीला स्पष्ट सांगितलं होतं की माझ्याकडे होतं ते सगळं देऊन झालं, आता पुढचं शिकायचं तर तिथेच. तिथे दार उघडलं नाही तर तिला पुढे शिकवणारं कोणी नव्हतं. एवढं त्या एका दिवसावर अवलंबून होतं आणि ते मुलीला, तिच्या बापाला आणि मलाही पक्कं ठाऊक होतं. चकाचकने तर घडी केलेल्या प्रत्येक शर्टाबरोबर ही बातमी घरोघर पोचवली.

सरांचा एक नियम होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वाद्याला हात लावायचा नाही, हातांना आणि कानांना विश्रांती द्यायची. त्यामुळे मुलगी शाळेतून परस्पर घरी गेली आणि व्हायोलिनची पेटी लाँड्रीतच राहिली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. चकाचकने पेटी उघडली. इतक्या वर्षांत त्याने ती उघडून कधी नीट पाहिली नव्हती. तारांच्या खाली पांढरी भुकटी साचलेली. आणि गज, म्हणजे तो तारांवरून फिरवायचा केसांचा दांडा, हाताकडच्या टोकाला चक्क काळपट पडलेला.

त्याच्या मनात काय आलं असेल ते मी डोळे मिटून सांगू शकते. लाँड्रीवाल्याची मुलगी, आणि परीक्षकांसमोर असली मळकी वस्तू घेऊन उभी राहणार.

गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात हे तिनेच त्याला कधीतरी सांगितलं होतं. केस म्हणजे लोकरीच्याच जातीचे, असा त्याने हिशेब केला. लोकरीचा साबण कोमट पाण्यात कालवून त्याने ते केस हलक्या हाताने धुतले, आणि शेवटच्या पाण्यात कपडे मऊ पडावेत म्हणून घालतात ते निळं सुगंधी औषध घातलं. सावलीत वाळवले, बारीक कंगव्याने विंचरले. मग भिंतीपलीकडून मला हाक मारली. मी जाऊन पाहिलं. केस पांढरेशुभ्र दिसत होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी मान डोलावली. तो म्हणाला, पोरीला सांगू नका, पेटी उघडेल तेव्हा बघेल.

दुसऱ्या दिवशी आईची सकाळची पाळी होती, म्हणून बापलेकीच्या सोबतीला मी गेले. मुलीचा पोशाख मीच शिवला होता, तेव्हा मलाही मिरवायचं होतंच. निघता निघता चकाचकला तिच्या बाहीवर चुणी दिसली आणि त्याने तिला तो पोशाख पुन्हा काढायला लावला. त्या चुणीपायी बस चुकली. आम्ही धापा टाकत विद्यालयाच्या जिन्यात पोचलो तेव्हा तिचंच नाव पुकारत होते. आधी थोडं वाजवून हात मोकळे करायला एक खोली ठेवली होती, तिथे जायलासुद्धा सवड मिळाली नाही.

परीक्षेची खोली लहानशी होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. समोर टेबलाशी तीन परीक्षक, मधल्या बाई मुख्य. मागे भिंतीलगत आमच्यासाठी खुर्च्या, तिथे सर आधीच येऊन बसले होते. मुलीने पेटी उघडली आणि क्षणभर थांबली. मग बोटाने तारा छेडून सूर लावले, व्हायोलिन खांद्याला लावलं आणि गज ओढला.

आवाजच आला नाही. म्हणजे आला, पण कापडावरून हात फिरवावा तेवढाच.

तिने पुन्हा ओढला. गज तारेवरून नुसता घसरत होता. पुढे सरांनीच मला समजावलं की गजाच्या केसांना राळ घासलेली असते आणि त्या राळेमुळेच केस तारेला धरतात. तारांखालची भुकटी तीच. ती राळच चकाचकने धुऊन काढली होती. मुलीने घाईघाईने राळेचा खडा काढून केसांवर घासला, पण त्या औषधाने केस इतके गुळगुळीत झाले होते की राळ त्यांच्यावर बसेना. तिचे कान लाल झाले. माझ्या शेजारी चकाचकने गुडघ्यावर ठेवलेली आपली टोपी चुरगळायला सुरुवात केली.

बाई उठून आल्या. त्यांनी गज हातात घेतला, केसांवरून नखाची पाठ फिरवली, मग तो जरासा चेहऱ्याजवळ नेला.

"हा कोणी धुतला?" त्यांनी विचारलं.

मुलीने मागे वळून पाहिलं नाही. "मी," ती म्हणाली. "मळका दिसत होता."

"तू?"

"हो."

बाई तिच्याकडे बघत नव्हत्या, त्या आमच्या खुर्च्यांकडे बघत होत्या. "याबद्दल आणखी कोणाला काही सांगायचं आहे का?"

आता उठेल, असं मला वाटलं. साध्या सर्दीची हकीकत सांगणारा हा माणूस आता तरी तोंड उघडेल. मी त्याला कोपराने ढोसलंसुद्धा. पण तो मूग गिळून बसला. नजर टोपीवर, ओठ घट्ट मिटलेले. त्याच्याऐवजी मी बोलायला हवं होतं की काय, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण ते सांगणं त्याचं होतं, आणि ते मी त्याच्या हातून काढून घेतलं असतं तर तो पुन्हा मान वर करून चालू शकला नसता, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या परीक्षकांनी कपाटातून एक गज काढून दिला. तो तिच्या हाताला जड होता. सुरुवात अडखळत झाली, मधला भाग तिने छान वाजवला, शेवटी हात दमला. तिचं वाजवणं मी भिंतीआडून इतक्या वेळा ऐकलं आहे की कुठे काय निसटलं ते मला कळत होतं. आणि ज्याला कळायला हवं होतं तो शेजारी बसून टोपीची वाट लावत होता.

बाहेर आल्यावर सर तिच्यावर बरसले. गज त्यांचा होता, त्यांच्या गुरूंनी त्यांना दिलेला. तुला इतकं शिकवलं आणि एवढंही कळू नये, असं म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. ती मान खाली घालून ऐकत राहिली. तिचा बाप दोन हातांच्या अंतरावर आमचे कोट सांभाळत उभा होता. त्याने ब्र काढला नाही. बसमध्ये ती माझ्याजवळ बसली आणि तो पुढे, एकटा.

निवड दुसऱ्याच कोणाची झाली. सरांनी गजाला नवे केस बसवून आणले, राग गिळला आणि आणखी वर्षभर जमेल तेवढं शिकवतो म्हणाले. मुलगी पुन्हा कोटांच्या रांगेत उभी राहून वाजवू लागली. मी चकाचकशी कामापुरतं बोलत होते. तोही माझ्या काचेवरचे ठसे पुसायला येईनासा झाला.

पण गल्लीभर डांगोरा पिटला होता, तेव्हा लोक विचारणारच. एक दिवस नेहमीचं एक गिऱ्हाईक पडदे घ्यायला आलं आणि स्पर्धेचं काय झालं म्हणून विचारू लागलं. मागे मुलगी वाजवत होती. भिंतीतून मला दोन्ही ऐकू येत होतं.

"नाही झालं," चकाचक म्हणाला. "पोरीची तयारी जरा कमी पडली."

मागचं वाजवणं थांबलं. माझ्या हातातली सुई तिथेच राहिली. मग कोट सरकल्याचा आवाज आला. मी दारातून डोकावले, तर मुलगी पुढे आली होती. तिने पडद्यांचं गाठोडं नीट बांधलं, गिऱ्हाइकाच्या हातात दिलं आणि पुन्हा आत गेली. बापाकडे तिने बघितलंही नाही. थोड्या वेळाने वाजवणं सुरू झालं. त्या दिवशी मला त्या माणसाची खरोखर किळस आली, आणि आपण अशा माणसाचे शेजारी आहोत याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी लाँड्री सकाळी उघडली नाही. दुपार टळल्यावर तो थेट माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. चांगले कपडे घातले होते, आणि त्या कपड्यांना इस्त्री नव्हती. विद्यालयात जाऊन आलो, म्हणाला. बाईंचा वर्ग सुटेपर्यंत बाहेर थांबला, मग आत जाऊन सगळं सांगितलं. गज मी धुतला, पोर माझ्यासाठी खोटं बोलली, शिक्षा करायची तर मला करा, तिला जागा द्या. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. जागा दिली गेली होती, ती आता काढून घेता येत नव्हती. गुण आम्ही वाजवण्यालाच दिले, म्हणाल्या, आणि उसन्या गजाने ते पुरं पडलं नाही. पुढच्या वर्षी तिला पुन्हा पाठवा, आणि तुम्ही बाहेर बसा.

"एवढंच?" मी विचारलं.

त्याने नाही अशी मान हलवली. "मी सांगायला लागलो तर त्या म्हणाल्या, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. गजाला धुतलेल्या कपड्यांचा वास येत होता. मी दोनदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा तुमच्याकडे बघून विचारलं."

त्याच्या दुकानातून येणारा तो निळ्या औषधाचा वास माझ्या भिंतीत, माझ्या कपाटात, मी शिवलेल्या प्रत्येक कपड्यात मुरलेला आहे.

"ताई, तुम्हाला आला होता का हो?"

"आला होता."

"सरांना?"

"खिडक्या बंद होत्या, भाऊ. सगळ्या खोलीला येत होता."

त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. बराच वेळ तो माझ्या काचेवरच्या ठशांकडे बघत बसला, पण पुसायला उठला नाही.

"पोरीला नसेल आला," शेवटी तो म्हणाला. "तिचं लक्ष कुठे होतं तेव्हा."

"गज तिच्याच हातात होता," मी म्हणाले.

तेवढ्यात पलीकडे मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मुलगी शाळेतून आली होती. भिंतीतून राळेचा खडा केसांवर घासल्याचा बारीक आवाज येऊ लागला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आता उठा आणि आत जा, असं मी त्याला सांगितलं. तो जातो म्हणाला, आणि स्टुलावरच बसून राहिला.