भिंतीपलीकडे सोडलेली मण्यार

आश्विनातल्या पहाटे द्राक्षबागेच्या तारांवर जे लखलखत असतं, त्याला नुसतं दव म्हणणं माझ्या जिवावर येतं. रात्रभर जागून कोळ्यांनी विणलेली असंख्य जाळी, त्यांच्या धाग्याधाग्यावर ओळीने बसलेले थेंब, आणि त्या थेंबांतून आरपार येणारं कोवळं, केशरी ऊन! छाटणी नुकतीच झालेली असते, त्यामुळे वेली उघड्या पडलेल्या असतात आणि हवेत ओल्या काड्यांचा हिरवट, किंचित आंबूस वास रेंगाळत असतो. चहाचा कप हातात घेऊन मागच्या अंगणात उभं राहायचं आणि हे वैभव डोळ्यांनी पिऊन घ्यायचं, हा माझा गेल्या सहा वर्षांचा नेम आहे.

आमचं घर कॉलनीतलं अगदी शेवटचं. नाशिक जिथे संपतं आणि दिंडोरीच्या बागा जिथे सुरू होतात, त्या सीमेवर एक भिंत आहे, आमच्या बाजूने छातीइतकी, पलीकडे जमीन सखल असल्याने पुरुषभर उंच. अलीकडे आम्ही, पलीकडे द्राक्षं. इथे राहायला आलो त्या वर्षी पावसाळ्यात तीन साप निघाले आणि कॉलनीत हाहाकार उडाला. आयत्या बिळात नागोबा ही म्हण आपण खुशाल सापाच्या माथी मारली आहे. पण ज्या रानात त्याच्या कित्येक पिढ्या नांदल्या तिथे फरश्या घालून आपण राहायला आलो, तेव्हा नागोबा नेमका कोण?

हा प्रश्न मला फार आवडला, आणि आवडलेला प्रश्न चारचौघांत विचारत सुटणं हा माझा जुना दुर्गुण. शाळेत मी विज्ञान शिकवते, त्यामुळे उपदेशाची जीभ तयारच होती. अंगावर पुरळ उठलं की ‘कोळी मुतला’ म्हणणाऱ्या शेजारणींना मी कोळ्याची महती ऐकवली. घरातली जाळी काढणं बंद केलं. लिंबाच्या झाडावरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या कोळिणीला तर मी घरचीच मानली. नागपंचमीला बायकांना जमवून साप दूध पीत नाही हे सांगितलं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांची चित्रं दाखवली, आणि तिन्हीसांजेला सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून ‘जनावर’, ‘लांबडं’ म्हणणाऱ्यांची थट्टाही केली. हळूहळू मी ‘सापवाल्या मॅडम’ झाले. खोटं कशाला बोलू, ते नाव मला आवडायचं.

गेल्या आश्विनातली गोष्ट. रविवार होता. मागच्या अंगणात नळाजवळचं पायपुसणं उचललं, तर खाली वेटोळं करून एक साप पहुडलेला. निळसर काळा, तकतकीत, अंगावर पांढरे पट्टे. असा पट्टेवाला साप दोन प्रकारचा असू शकतो: एक मण्यार, महाविषारी, दुसरा कवड्या, अगदी निरुपद्रवी. दोघांत फसगत ठरलेली, आणि ती कशी टाळायची हे मी स्वतःच इतरांना शिकवलेलं. पण शिकवणारा पाहतो कधी? बिचारा किती शांत पडलाय, हा कवड्याच, असं मनाने ठरवलं आणि डोळ्यांनी मान डोलावली. ऐटीत फोटो काढला. लांब दांड्याच्या झाडूने त्याला बादलीत लोटलं, बादली भिंतीवर नेली आणि पलीकडे उपडी केली. मग कॉलनीच्या ग्रुपवर फोटो टाकून लिहिलं: ‘कवड्या. बिनविषारी. सुखरूप बाहेर सोडला आहे.’ हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला.

दुपारी जेवण झाल्यावर तेच कौतुक पुन्हा एकदा बघावं म्हणून फोटो मोठा केला आणि या वेळी पट्टे नीट पाहिले. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं बरोबर उलटं. या सापाची मान कोरी होती आणि शेपटीकडे जोडीजोडीने पट्टे कसे रेखून काढल्यासारखे! ओळखीच्या सर्पमित्राला फोटो पाठवला, सकाळीच सोडून दिल्याचंही लिहिलं. त्याचं उत्तर लगेच आलं: ‘मॅडम, मण्यार आहे. मी आज बाहेरगावी आहे. हात नाही ना लावला? कुठे सोडली?’

कुठे सोडली? बाहेर, असं सकाळी मी लिहिलं होतं. पण त्या ‘बाहेर’ला भिंतीच्या अगदी लगत छाटलेल्या काड्यांचा ढीग होता, आणि ढिगाला टेकून ताडपत्रीची तीन पालं होती. छाटणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी ती पालं दरवर्षी उभी राहतात आणि काम सरलं की निघून जातात. त्यातल्या एका पालात एक तान्हं मूल होतं. त्याचं रडणं मला रोज ऐकू यायचं. ती सगळी माणसं भुईवर झोपायची, आणि मण्यार अंधार पडल्यावर नेमकी भुईवरच्या अंथरुणांत शिरते. तिचा दंश झोपेतल्या माणसाला कळतही नाही, हे मीच चित्र दाखवून सांगितलेलं.

त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते विचारू नका. बसले की उठावंसं वाटे, उठले की भिंतीपाशी जावंसं वाटे, भिंतीपाशी गेले की पलीकडे डोकावायचा धीर होत नसे. जाऊन सांगावं? सांगितलं तर ते ढीग पेटवतील, सापाला ठेचतील, आणि सापवाल्या मॅडमची चूक संध्याकाळपर्यंत कॉलनीभर होईल. न सांगावं? नवऱ्याला फोन केला. तो अंबडला कारखान्यात ड्यूटीवर होता. तो म्हणाला, “अगं, ती काय तिथे तुझी वाट बघत बसलीये का? गेली असेल बांधाबांधाने लांब. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नकोस.” मला ते इतकं पटवून घ्यायचं होतं, म्हणून सांगू! अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली बाई स्वतःचा पिवळेपणा धुऊन निघू नये म्हणून काय काय युक्तिवाद करते! तेवढ्यात पलीकडे ते तान्हं रडलं, आणि मी चपला घातल्या.

भिंतीला दार नाही. पलीकडे जायचं तर कॉलनीच्या फाटकातून बाहेर पडून, हमरस्त्याने वळसा घालून, बागेच्या कच्च्या वाटेने आत शिरावं लागतं. चांगली दहा-बारा मिनिटं चालावं लागलं. रोज ज्यांचा स्वयंपाक मला वासावरून कळायचा, त्यांच्याकडे मी सहा वर्षांत पहिल्यांदा जात होते.

चुलीपाशी एक वयस्क बाई भाकरी थापत होती. मंजीबाई तिचं नाव, तान्ह्याची आजी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकून तिने विचारलं, “कोनी टाकला? तुमी?”

“हो. मला वाटलं साधा आहे. भिंतीपलीकडे सोडला.”

“भितीपल्याड म्हंजे आमच्या उशालाच की वं ताई,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. पत्ता चुकलेल्याला वाट सांगावी तसं ते सांगणं होतं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. सापाशी माणसाने कसं राहावं यावर मी तासन् तास बोलले होते, आणि हातभर अंतरावर राहणाऱ्या माणसांना माझ्या हिशेबात मी ‘बाहेर’ या एका शब्दात बसवलं होतं. माझी लाज मला त्या चुलीपाशी उभं राहू देईना.

मंजीबाईचा मुलगा आणि आणखी दोघे फावडी, काठ्या घेऊन आले. काडी न् काडी बाजूला केली. दोन विंचू निघाले, कोळ्यांची पांढरी अंडी निघाली, एक जुनी कात निघाली. मण्यार निघाली नाही. ऊन बागेच्या टोकाला गेलं होतं. मी उगाच आशेने म्हणाले, “गेली असेल मग.”

मंजीबाईने मान हलवली. “दिसली आन् गेली, तर गेली म्हनावं. नाय दिसली म्हंजे हाय.”

सहा वर्षांत वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत इतकं खरं वाक्य मला सापडलं नव्हतं. मी म्हणाले, आज सगळे आमच्याकडे झोपा. गाडीची जागा मोकळी आहे, दोन खाटा आहेत, गच्ची आहे. मंजीबाईने एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, “पोरापुरतं येतो आमी दोघी.” मी पुन्हा दहा मिनिटांचा वळसा घालून घरी परतले, तोवर तिच्या मुलाने पलीकडून भिंतीला शिडी लावली होती.

ती शिडीवर चढली आणि तान्ह्याला फडक्यात गुंडाळून भिंतीवरून माझ्या हातांत दिलं. उबदार, झोपेने जड झालेलं, धुराचा वास येणारं ते ओझं छातीशी धरून मी अंगणात उभी राहिले. खाली माझीच फरशी होती. सकाळीच मी तिथे ऐटीत झाडू फिरवला होता. आता मला एक पाऊल टाकवेना. नळामागचा अंधार, कुंड्यांमधल्या फटी, दारातलं पायपुसणं, सगळं परक्याचं असल्यासारखं वाटू लागलं. भीती घालवणं म्हणजे ज्ञान, असं मी इतकी वर्षं शिकवत आले. आणि नीट, कामाची अशी भीती मला तेव्हा कुठे पहिल्यांदा वाटत होती, कारण हातात दुसऱ्याचं लेकरू होतं.

“आधी भुई बगा,” मंजीबाई भिंतीवरून शांतपणे म्हणाली. “मंग पाय टाका.”

मी तिने सांगितलं तसं केलं.