ताईचा दुसरा प्रश्न

माझी थोरली बहीण, ताई, गेली त्याच्या आदल्या रविवारी मी गिरगावात तिच्याकडे गेलो होतो. येताना दादरहून भाजी घेतली होती, आणि पिशवी ठेवता ठेवता टोमॅटोच्या भावावरचं माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. तिने डोळे मिटूनच ते ऐकलं आणि विचारलं, "बरं. आणि काम कुणाचं गेलं?" महागाईची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती हा दुसरा प्रश्न विचारायची... आमचं शेवटचं बोलणं तेवढंच.

पुढच्या आठवड्यात दादरला शोकसभा झाली. ताईची सारी नोकरी मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागात गेली, त्यामुळे वक्ते वजनदार होते. त्यांनी तिच्या नावामागे इतकी विशेषणं लावली, की आयुष्यभर मुद्रितं तपासणाऱ्या माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. घोडपदेवच्या चाळीत, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या ताईला त्यातली निम्मी बाई ओळखूही आली नसती.

महामारी ओसरत होती तेव्हाची गोष्ट. भाव चढत होते आणि हातांना काम नव्हतं. बँक आता काय करणार, असं मी विचारलं. ताई म्हणाली, "आपल्या चाळीत आठवतं? खाली पाणी वाहून जायचं, वर थेंब नाही. आणि नळाची चावी एकच. बँकेचंही तसंच, चावी व्याजदराची." व्याजदर वाढवला, की कर्ज महागतं, खरेदी मंदावते, भाव निवतात, पण कर्जावर चालणारे कारखानेही बसतात. दर उतरवला तर कामं टिकतील, पण भाव भडकतील, आणि पगार न वाढणारी घरं आधी होरपळतील. ताईने वरिष्ठांसाठी टिपण लिहिलं ते दर वाढवण्याच्या बाजूने.

वर्षाच्या आत परळचा आमचा छापखाना बंद पडला. मालकाला वाढलेले हप्ते झेपले नाहीत. मी तडक गिरगाव गाठलं.

"दर वाढवा, असं तूच लिहिलंस?"

"हो."

"माझं काम जाईल हे ठाऊक असून?"

"तुझं नाव ठाऊक नव्हतं रे. कामं जातील, हे ठाऊक होतं. तेही लिहिलं होतं."

चार महिने मी तिच्याकडे फिरकलो नाही. त्या काळात टपालाने माझ्याकडे नोकरीच्या जाहिरातींची कात्रणं येत राहिली, पाकिटावर अक्षर ताईचं, सोबत चिठ्ठी नाही. त्यातल्याच एका कात्रणाने मला पुन्हा काम मिळालं. मग मी गेलो. दोघांनी चहा घेतला, विषय कुणीच काढला नाही.

उरलेलं मला कळलं ते शोकसभेत, शेवटच्या रांगेत बसलेल्या तिच्या जुन्या सहकारी बाईंकडून. टिपणाच्या शेवटी ताईने लिहिलं होतं, 'यामुळे लहान कारखान्यांतली कामं जातील, आणि हे लोकांना आधी सांगायला हवं.' तिचे साहेब म्हणाले होते, "मॅडम, हे टिपण आहे, कबुलीजबाब नाही." ते वाक्य काढलं तर आपण सही करणार नाही, असं ताईने सांगितलं. वाक्य राहिलं. निवृत्तीआधी मिळणार होती ती वरची खुर्ची मात्र दुसऱ्या कुणाला मिळाली. सहीचं आणि खुर्चीचं मला तिने अक्षरही सांगितलं नव्हतं, अगदी मी तिच्या दारात भांडत उभा होतो तेव्हासुद्धा.

परवा दादरला भाजीवालीपुढे एक गृहस्थ भावावरून करवादत होते. मीही सूर लावणार होतो, पण तोंडून निघालं ते, "आणि काम कुणाचं गेलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "जावयाचं."

आम्ही बाजूला होऊन बराच वेळ बोलत राहिलो. टोमॅटो घ्यायचे राहिले.