पोर उठंल

"सावकाश. पोर उठंल."

मुळशीच्या धरणाच्या कॉलनीत ज्याने ज्याने गोल्फची काठी हातात धरली, त्याने हे वाक्य ऐकलेलं आहे. मास्तर आपल्या मागे उभे असत, दोन्ही हात पाठीशी एकमेकांत घट्ट अडकवलेले, आणि आपण काठी मागे न्यायला लागलो की ते हळूच हे म्हणत. पहिल्या दिवशी मी दचकून वळून पाहिलं होतं. आसपास पोर सोडाच, शेळीसुद्धा नव्हती.

ही साठ-बासष्ट सालची गोष्ट. मी तिथे नकाशे काढायच्या कामावर होतो. कॉलनीच्या खालच्या अंगाला साहेबलोकांच्या काळापासून एक लहानसं गोल्फचं मैदान होतं. मास्तर त्याची देखभाल करत आणि आम्हाला शिकवत. ते मूळचे इथलेच. धरणाखाली गेलेल्या एका गावातले. पोरवयात पुण्याला जाऊन गोऱ्या साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या, खेळ शिकले आणि पुढे तोच खेळ शिकवायला पुन्हा या पाण्याच्या काठी आले. पुण्यात बरं चाललेलं सोडून ते का परतले, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मला खेळ शिकायचा होता तो मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत भरायला, आणि एवढ्या उदात्त हेतूपुढे मास्तरांची चौकशी कुठे करत बसणार?

शिकवताना ते सगळ्यांना अरे-तुरे करत, मोठ्या साहेबांनासुद्धा. काठी खाली ठेवली की पुन्हा "साहेब, येतो."

"म्हशीचं आचळ धरतूस तसं धर. आवळलंस तर लाथ बसंल, सोडलंस तर दूध मिळायचं न्हाई."

आमचे एक इंजिनिअर चेंडूवर असे तुटून पडत की जणू बाभळ तोडायची आहे. चेंडू जागेवर राही आणि मातीचं ढेकूळ उडून पुढे जाई. मास्तर शांतपणे ते ढेकूळ उचलून आणत, होतं तिथे पायाने दाबत आणि म्हणत, "कुऱ्हाड न्हाई रं. पाळणा हाय त्यो. मागं जाऊ दे, पुढं येऊ दे. जोर लावला की पोर उठतंय."

बायकामुलं नसलेल्या या माणसाला पाळण्याचं एवढं कसं ठाऊक, याची आम्ही चेष्टा करत असू. ते हसत. त्यांचा दुसरा नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मारल्यावर मान वर करायची नाही. चेंडू कुठे गेला ते बघायचं नाही. एकदा मी पाहिलं, तर त्यांनी माझ्या मानेवर असा पंजा ठेवला की दोन दिवस मला वहीत बघायला बरं पडलं.

"डोळ्यानं बघितलंस की खांदा उचलतूया. कानानं बघ."

संध्याकाळी मैदान रिकामं झालं की मास्तर एक जुना, चिरलेला चेंडू धोतराच्या सोग्याला पुसून काठावर येत. तिथे दोन दगड पुरलेले होते. त्या दगडांना टाचा लावायच्या, समोरच्या डोंगरातल्या खिंडीकडे तोंड करायचं, आणि एक चेंडू पाण्यात मारायचा. फक्त एक. मग मान खालीच ठेवून ते उभे राहत आणि थोड्या वेळाने काठी खांद्यावर टाकून घरी जात. म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाची हौस, असं मी समजत होतो.

एका संध्याकाळी मीही शेजारी उभा राहून मारला. माझा चेंडू पाण्यात पडला, डुबुक. मग त्यांनी मारला. मी मान खाली घालून आवाजाची वाट पाहत राहिलो. वारा नव्हता. पाण्यावर एक पान पडलं असतं तरी कळलं असतं. आवाज आलाच नाही.

तुम्ही म्हणाल, लांब गेला असेल. मीही तेच म्हटलं. पण दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. माझा वाजे, त्यांचा वाजत नसे. मी हिशेबी माणूस. अंतर, वारा, पाण्याची खोली, सगळं डोक्यात मांडून पाहिलं. शेवटी काठावर मासे धरणाऱ्या एका कातकऱ्याला विचारलं की त्या बाजूला पाण्यात काही आहे का. तो जाळं आवरायला लागला.

"तितं आमी जाळं टाकत न्हाई. फाटत न्हाई कदी. नुस्त्या गाठी सुटून येत्यात. पोरासोरांनी बसून सोडल्यागत."

त्या दिवसानंतर संध्याकाळी त्या दगडांपाशी उभं राहिलं की माझी पाठ गार पडू लागली. तरी जात राहिलो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

आणि मग एके दिवशी मास्तरांचा चेंडू वाजला. डुबुक. अगदी माझ्यासारखा.

ते तिथेच खाली बसले. एरवी काम नसलं की पाठीमागे अडकवलेले असायचे ते हात मी पहिल्यांदा नुसते मांडीवर पडलेले पाहिले. दोन्ही थरथरत होते, वाऱ्यातल्या पिंपळपानासारखे. कधीपासून ते लपवत होते कोण जाणे.

"आज न्हाई मिळाला तिला," ते म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं. त्यांची बहीण होती, पाळण्यातली. पाळणा हलवायचं काम यांचं. गावात पाणी यायच्या आधीच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, म्हणून घरामागच्या जांभळाखाली पुरलं. मोठ्यांची राख नदीला जाते. या पोरीकडे नदीच घरी आली.

"आय निघंना. म्हनली, पोर हितं एकटी कशी ऱ्हाईल? मी म्हनलं, मी येत जाईन, खेळवीन तिला. तवा आय उठली."

उन्हाळ्यात पाणी हटलं की वरच्या घरांची जोती उघडी पडतात. देवळाच्या पायऱ्या दिसतात. यांचं घर नदीला लागून, सखल. ते कधीच उघडं पडलं नाही. आपल्या घराची जागा त्यांनी खिंडीवरून आणि देवळावरून ताडून काढली होती आणि काठावर ते दगड पुरले होते.

"पडला तर वाजतूया," ते म्हणाले. "झेलला तर वाजत न्हाई."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं हात गेलं आता. तू शीक."

मला तेव्हा पळून जावंसं वाटलं होतं, हे सरळ सांगतो. पण पळालो नाही. त्या पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मास्तरांनी मला जे शिकवलं ते मोठ्या साहेबांनाही कधी मिळालं नाही. टाचा दगडाला. गुडघे सैल. मनगट मोडायचं नाही. मागे नेताना श्वास आत, आणता आणता बाहेर. "झोपलीय ती. हळू." माझा खेळ इतका सुधारला की मोठे साहेब मला जोडीला घेऊ लागले. ज्यासाठी आलो होतो ते मिळालं, आणि त्याचं मला काहीही वाटेनासं झालं. कारण संध्याकाळी काठावरून चेंडू मारला की डुबुक. रोज डुबुक. मास्तर मान हलवत आणि आम्ही घरी जात असू.

पुढे त्यांना घास तोंडापर्यंत नेता येईना. भाच्याने त्यांना कासार आंबोलीला नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते बाजेवर पडून होते, हात गोधडीखाली. पण गोधडी हलत होती.

"वाजतूया?"

"वाजतो, मास्तर."

"मंग तू वर बघतुयास."

"नाही हो. मान खालीच असते."

"मान न्हाई रं. मनातनं बघतुयास. झेलतीया का न्हाई, ते बघतुयास." त्यांनी डोळे मिटले. "ते आपलं काम न्हाई. आपुन नुस्तं द्यायचं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. मला ते फार लागलं, सख्ख्या माणसाचं लागावं तसं. दहावा करून परतलो तो दिवेलागणीला, आणि घरी न जाता तसाच काठावर गेलो. पाणी अगदी निवांत होतं. चेंडू सदऱ्याच्या टोकाने पुसला. टाचा दगडाला लावल्या. पलीकडे खिंड होती. आज वाजेल की नाही, हा विचारच आला नाही. मास्तर आता हे विचारायला नाहीत, एवढंच मनात होतं, आणि पोरगी रोजची वाट बघत असेल.

काठी मागे गेली, पुढे आली. पाळण्यासारखी.

मान खाली ठेवून मी उभा राहिलो. पायाखालचं गवत दिसत होतं, नंतर तेही दिसेनासं झालं. आवाज आला नाही.

वर पाहिलं असतं तर काय दिसलं असतं, हा प्रश्न तुमच्यासारखाच मलाही पडतो. मी पाहिलं नाही. मान तशीच ठेवून काठी उचलली, वहाणा काढून हातात घेतल्या आणि पाय न वाजवता कॉलनीकडे निघालो. पोर उठली असती.