नामदेवकाकांचे पुढचे चार दात

धाड गावच्या आठवडी बाजारात मिरचीची हर्रासी, म्हणजे लिलाव, बोलताना नामदेवकाका दर हाकेआधी अंगठ्याने वरचे पुढचे चार दात आत दाबत. दात त्यांचे नव्हते. दोन बाजूंच्या खऱ्या दातांवर टोपणं चढवून बसवलेला ब्रिज होता, आणि तो सैल झाला होता. एका व्यापाऱ्याला वाटलं, काका कुणाला इशारा करतात. काका म्हणाले, "इशारा नाई बे, दात हायेत. तुह्या ढिगात पडले त आणून देजो."

मी त्यांचा शेजारी. बुलढाण्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, "टोपणांखालचे दात धड असतील तर साफ करून हाच ब्रिज पुन्हा बसवू. किडले असतील तर आधी उपचार, मग नवा. तेही टिकत नसतील तर काढून कवळी, किंवा हाडात स्क्रू घालून त्यावर दात. पुढच्या आठवड्यात उघडून पाहू. तोवर घरी काही करू नका."

पण मधे बाजार होता. त्या सकाळी काका ब्रिज तळहातावर घेऊन माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आले. "काऊन रे, तुह्याजवळचा गोंद याले चालन काय?"

इथे शहाणा माणूस नाही म्हणतो. मी म्हणालो, "काका, मोबाइल फुटन, पण माहा जोड सुटनार नाई." थेंब सोडला, दाबून धरलं, वर हसायला लावून फोटोही काढला.

त्या दिवशी काकांची हाक एसटी स्टँडपर्यंत गेली. "आता काऊन जायाचं डॉक्टरीनीकडं? लागले ना पक्के." मीही मान डोलावली, आणि महिनाभर गिऱ्हाइकांना दंतवैद्यक शिकवलं.

मग काही महिन्यांनी काकांचा गाल सुजला. बाईंनी ब्रिज कापून काढला तेव्हा आधाराचे दोन्ही दात कुजून गेले होते. हाडही इतकं झिजलं होतं की स्क्रू बसणार नव्हता. बाईंनी विचारलं, "हे चिकटवलं कुणी?" मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो. काका म्हणाले, "म्याच. घरी."

कवळी मिळाली, पण हाक मारली की ती उसळे. व्यापारी हसत. दोन-चार बाजारांतच काकांच्या जागी माईकवाला माणूस उभा राहिला. काका पोत्यांवर बसून ऐकत.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. त्याआधी एकदा मी धीर करून विचारलं, "काका, माहं नाव काऊन नाई सांगितलं?"

कवळी खिशात होती. शब्द फुसफुसत आले. "तुह्याजवळ लोकं अजून भरोशानं वस्तू देतात. माही हाक त गेलीच होती."