देव्हाऱ्यामागची कुऱ्हाड

१३ मार्च १९८९, सोमवार. सकाळी मी जालन्याच्या मस्तगडात एका वकिलाच्या ओसरीवर झाडू मारत होते.

मी त्याची मोलकरीण नव्हते. त्याच्या अशिलाची बहीण होते. माझ्या दादावर खुनाचा खटला चालू होता आणि त्या दिवशी कोर्टात पंचाची साक्ष होती. पण आमच्या वस्तीतलं कोणी आलं, की वकीलसाहेब पूजा उरकून खाली येईपर्यंत त्यानं ओसरी झाडायची, असा तिथला रिवाज होता. बाकीचे अशील बाकावर बसत. त्यांना चहा येई. आम्हाला झाडू. सांगावंही लागत नसे. मुन्शी नुसता कोपऱ्याकडे बघायचा.

आई पायरीखाली बसली होती. मी बारावी झालेली, हसनाबादच्या बालवाडीत शिकवत होते. मुन्शीला ते माहीत होतं. तो बाकावरच्यांना म्हणाला, "मास्तरीण हाय. कोपरे बराबर काढती बघा."

लोक हसले. एकानं बसल्या जागी पाय वर घेतले, मला खालून झाडता यावं म्हणून.

मी खालून झाडलं. दादाचा जीव त्या घरात अडकला होता.

खटला असा. गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या मोसंबीच्या बागेत त्याचा राखणदार मरून पडलेला सापडला. डोक्यात घाव. दादानं त्या बागेचं काम थोड्याच दिवसांपूर्वी सोडलं होतं, चारचौघांत मालकाला उलट बोलून. फौजदारानं त्याला उचललं. खून होताना कोणी पाहिलेलं नव्हतं. सगळा भार एका कुऱ्हाडीवर. दादानं ती पंचांसमोर आमच्या घरातून काढून दिली, असं पोलिसांचं म्हणणं. जप्तीच्या वेळी पोलीस साक्षीला माणसं उभी करतात, ते पंच. प्रत्यक्षात आमच्या घरात ना फौजदार आला होता ना पंच.

आई वकिलाला पहिल्या दिवसापासून विनवत होती, की साहेब, एकदा येऊन घर बघा. एक खोली आहे, एक चूल. लपवायला जागाच नाही. त्यावर तो जे बोलला ते माझ्या कानात तसंच आहे.

"तुमची घरं मला काय ठाऊक न्हाईत?"

अकरानंतर पंच पिंजऱ्यात उभा राहिला. पोलीस ठाण्यासमोर त्याची पानटपरी होती. पढवल्यासारखा बोलला. आरोपी पुढं, आम्ही मागं. आरोपीनं घरात जाऊन देव्हाऱ्यामागं हात घातला आणि कुऱ्हाड काढून दिली. देवांवर ताजं हळदकुंकू होतं, असंही त्यानं सांगितलं. ते त्याला कोणी विचारलं नव्हतं. खरं वाटावं म्हणून त्यानं पदरचं घातलं.

मी मागच्या भिंतीशी उभी होते. क्षणभर मला वाटलं, हा दुसऱ्याच कोणाच्या घराबद्दल बोलतोय. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले टाक, मूर्ती सगळं टोपलीत घालून नदीत सोडलं होतं. देव्हाऱ्याची फळी आजीनं चुलीत घातली. मी जन्मल्यापासून आमच्या भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, खिळ्याला. बस.

मी पुढं गेले. वकिलाच्या बाहीशी वाकून म्हणाले, "साहेब, आमच्या घरात देव्हाराच न्हाई. विचारा त्याला."

त्यानं आधी बाही झटकली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वकील तू हाय का मी? भाईर जाऊन बस."

शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. आरोपीच्या पिंजऱ्यातून दादा बघत होता. दारातून मला ऐकू आलं. वकिलानं पंचाला विचारलं, तुम्ही खोटी साक्ष देताय? पंच म्हणाला, नाही. उलटतपास संपला.

आता मी स्वतः काळा कोट घालते, म्हणून सांगते. तो माणूस फितूर नव्हता. फितूर असता तर राग करणं सोपं होतं. त्याला तो प्रश्न प्रश्नच वाटला नाही. त्याच्या लेखी घर म्हटलं की देव्हारा आलाच, आणि आमच्या घरात पाय ठेवणं त्याच्या बुद्धीला कधी शिवलंही नव्हतं. त्यात सांगणारी कोण, तर सकाळी ओसरी झाडणारी.

पुढं एक दिवस जज्जानं दादालाच विचारलं. दादा म्हणाला, "आम्ही बौद्ध हाओत साहेब. घरात देव्हारा न्हाई, तं त्याच्यामागून कुऱ्हाड कुठून काढू?" ते टाइप झालं. वकिलानं त्यावर एक शब्द काढला नाही. निकालात ते वाक्य, आरोपी गुन्हा नाकारतो, एवढ्यातच गडप झालं.

जन्मठेप.

घरी आल्यावर आई चुलीपाशी बसली. जाळ केला नाही. म्हणाली, "आपण देव ठेवले असते तं सुटला असता का गं?"

"न्हाई माय," मी म्हणाले. "मंग तं त्यांचं खरंच वाटलं असतं."

पुढं कितीदा तरी मी तिला, एके काळी देव्हारा होता त्या भिंतीकडं बघत बसलेली पाहिलं. आपल्या सासऱ्यानं जे मानानं टाकलं, त्याचा हिशेब पोराच्या गळ्यात का पडला, हे तिला कोणी समजावू शकलं नाही. मलाही नाही.

आठवड्यानं मी खटल्याचे कागद मागायला मस्तगडात गेले. सवयीनं मुन्शीनं कोपऱ्याकडे पाहिलं. मी झाडू उचलला. ओसरी ओलांडून आत गेले आणि तो वकिलाच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

"कागद द्या," मी म्हणाले.

"काय करून राह्यली तू?" मुन्शी ओरडला. बाकावरचे उठून उभे राहिले. वकील आतून आला. त्यानं खुर्चीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. कागद मिळाले. हातात दिले नाहीत, ओसरीवर टाकले. मी वाकून उचलले, पण ते माझे होते म्हणून.

औरंगाबादला खंडपीठात अपिलं चालवणाऱ्या एका वकीलबाईंचा पत्ता बालवाडीच्या आमच्या पर्यवेक्षिकेनं दिला. बाईंच्या ऑफिसात एकच बाक होता. सगळे त्याच्यावरच बसत. बाईंनी कागद वाचले, चष्मा काढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घर कधी दाखवतेस?"

बाई एसटीनं हसनाबादला आल्या. दारात वाकून आत आल्या, खाली बसल्या, आईनं दिलेला गुळाचा चहा प्यायल्या. चारी भिंतींवरून हात फिरवला. कोनाडासुद्धा नव्हता. मग म्हणाल्या, "हा प्रश्न तेव्हा त्या पंचाला विचारायला हवा होता. आता मागं जाऊन तो विचारता येत नाही. पण तुझ्या भावानं उत्तर देऊन ठेवलंय. त्याच्यावर लढू."

आईनं विचारलं, जल्दी होईल का. बाई म्हणाल्या, नाही. खोटं सांगितलं नाही, हे मला आवडलं.

जामीन झाला नाही. अपिलाचा नंबर लागायला चार वर्षं गेली. सुट्टीच्या दिवशी मी बाईंकडं जायचे, आणि त्या सांगतील त्या गावी जाऊन अशिलाचं घर, रस्ता, विहीर बघून यायचे. तिसऱ्या वर्षी आई गेली. दादाला पोलिसांच्या गाडीतून आणलं, तेव्हा माती होऊन गेल्ती. तो बेड्या घातलेल्या हातांनी उभा राहिला. रडला नाही. शिपाई म्हणाला चला, आणि दादा गेला.

सुनावणी झाली त्या दिवशी बाई फार बोलल्या नाहीत. आधी पंचाचे शब्द वाचले, हळदकुंकवासकट. लगेच खाली दादाचं वाक्य. मग आरोपपत्राचं पहिलं पान. तिथं फौजदारानं स्वतःच लिहिलं होतं, धर्म बौद्ध. "मग हे देव कोणाचे?" बाईंनी विचारलं. कुऱ्हाडीवरचं रक्त माणसाचं, एवढंच तपासणीत निघालं होतं. कोणाचं, ते नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते. मला कोणी बाहेर काढलं नाही.

निर्दोष.

तो शब्द ऐकून मला आईची आठवण आली आणि दुसरं काही आलं नाही.

दादा घरी आला तो दारातच थांबला. कोणीतरी "आत जा" म्हणेपर्यंत तो आत पाऊल टाकेना. आपल्याच घरात. तशी सवय लागली होती. मी म्हणाले, "ये दादा." तेव्हा आला. उभ्यानंच भाकर खाल्ली. मी भाऊ सोडवून आणला होता. जो गेल्ता तो नव्हता आणला.

जेवून झाल्यावर तो एवढंच बोलला. "माझ्या बराकीत आष्टीचा एक म्हातारा हाय. चोरीची केस व्हती. घरात कुऱ्हाड सापडली म्हणून दरोडा झाला. दहा वर्षांची सजा."

"घरात कुठं सापडली?"

"देव्हाऱ्यामागं."

"पंच कोण?"

"पंच दुसरा. फौजदार तोच. बदलून तिकडं गेल्ता."

मी भांडी विसळून पालथी घातली. झोपायच्या आधी बालवाडीच्या मदतनीस बाईला सांगून आले, की उद्या मी येणार नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं जालना गाठलं. तिथून परतूर, तिथून आष्टी. विचारत विचारत त्या म्हाताऱ्याचं घर सापडलं. त्याची बायको मला पाहून उठली, माझ्यासाठी पोतं अंथरलं आणि स्वतः लांब मातीत बसली. मी तिला हाताला धरून पोत्यावर माझ्याशेजारी आणलं.

मग उठून देव्हारा पाहिला. त्यांच्याकडं होता. एक फळी, भिंतीला चिकटून ठोकलेली. मी तिच्यामागं बोट घालून बघितलं.

बोट जाईना.

"मावशी," मी म्हणाले, "पहिल्यापासून सांगा."