रोडपालीचा चतुर आणि जोमाकाकांचा फोटो

आमच्या परसात कपडे वाळत घालायची तार होती आणि तिच्या टोकाला रोज दुपारी एक तांबडा चतुर येऊन बसायचा. टॉवेल झटकला की उडायचा, एक गिरकी मारायचा आणि परत तिथेच. इतका लोचट किडा मी दुसरा पाहिला नाही. ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागेची. मी लग्न होऊन पनवेलला आले होते आणि घराच्या पुढच्याच खोलीत आमचा फोटो स्टुडिओ होता. एके दिवशी जेवताना मी सांगून टाकलं की मला चतुराचा फोटो काढायचाय.

हे आमटी भुरकत होते, ते थांबले. "इथे धड एक मूल घटकाभर स्थिर बसत नाही, आणि तू चतुराला बसवणार?"

"मुलं नाही बसत, पण तुमचे गावाकडचे म्हातारे बरे बसतात," मी म्हटलं. त्यावर ह्यांनी आमटीची वाटी पुन्हा तोंडाला लावली. माझी नणंद कुसुम तेवढी ठसका लागल्यासारखी खोकली. मला वाटलं, तिखट लागलं असेल.

ते म्हातारे म्हणजे काय, ते आधी सांगते. स्टुडिओत फोटो धुणं आणि टचिंग माझ्याकडे असे. खेड्यांतून काढून आणलेले काही फोटो सगळे एकाच तऱ्हेचे असत. खुर्चीत बसलेला म्हातारा किंवा म्हातारी, मागे चादर, मान जरा कललेली, डोळे मिटलेले. हे म्हणायचे, गावची माणसं कॅमेऱ्याला बिचकतात, नेमके डोळे मिटतात, तू उघडून दे. मग मी बारीक ब्रश घेऊन पापण्यांवर बुबुळं काढायची. फोटोतला माणूस एकदम बघायला लागायचा. माझ्या हाताला फार गुण आहे असं मला वाटे आणि मी ते माहेरी पत्रात लिहूनही कळवलं होतं.

तर भाद्रपद सरत आला होता. चतुर बघायचे तर हेच दिवस, हे आजही खरं आहे. पाऊस ओसरलेला, पण तळी भरलेली, आणि ऊन जरा चटका देऊ लागलं की हे प्राणी नुसते उधाणतात. हे कागद आणि औषधं आणायला मुंबईला गेले होते. मी स्टुडिओतला जुना लाकडी कॅमेरा काढला. त्याला पुढे भाता असतो. तो लांब ओढला की करंगळीएवढी वस्तूही मागच्या काचेवर पंजाएवढी दिसते, फक्त उलटी. काळं कापड डोक्यावरून घेऊन बघायचं. कॅमेरा पेटीत, तिपाईचा स्टँड कुसुमच्या खांद्यावर, पिशवीत दशम्या, लसणाची चटणी आणि कॅमेऱ्यात घालायच्या, एकीवर एकच फोटो येणाऱ्या काचेच्या प्लेटा दोनच. जास्त नेल्या असत्या तर घरी आल्यावर ऐकून घ्यावं लागलं असतं.

एसटी स्टँडवरून ठाण्याची गाडी धरायची आणि कळंबोलीला उतरायचं. तिथून रोडपाली, तिथे तळं आहे एवढं ऐकलेलं, शेतातून चालत जाण्याएवढं जवळ. तिकीट इतकं किरकोळ होतं की आता आठवतही नाही. आठवतो तो कंडक्टर. त्याने पेटी पाहिली, स्टँड पाहिला आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुठं, बाई?"

"रोडपालीला."

"अरेरे," तो म्हणाला आणि पुढच्या बाकावरच्या दोघांना उठवून आम्हाला जागा करून दिली. मी भारावले. पनवेलचा कंडक्टर आणि इतका सभ्य, मला धक्काच बसला. कुसुम खिडकीबाहेर बघत होती.

कळंबोलीपासून बांधावरून वाट. दोन्ही अंगांना भात पोटरीत आलेलं, समोर खारघरचा डोंगर अजून हिरवागार, त्याच्या पायथ्याशी बेलपाड्याची कौलं, आणि खाडीकडून येणारा खारट वारा. बांध निसरडे असतात. चपला हातात घ्या, लाज बाळगू नका. शेतात बाया तण काढत होत्या. आम्हाला पाहून त्या एकेक करून सरळ झाल्या आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतले. एक जण विळा टाकून गावाकडे पळतच सुटली. मी म्हटलं, "किती लाजाळू बायका गं इथल्या." कुसुम म्हणाली, "वहिनी, चल पटपट."

गावाबाहेरचं तळं दिसलं आणि मी सगळं विसरले. अहो, किती चतुर! तांबडे, हळदीसारखे पिवळे, निळसर राखी. गवताच्या पात्यांवर सुईसारख्या बारीक टाचण्या, चतुरांच्याच नाजूक बहिणी. एक मादी शेपटी पाण्यावर टिपटिप आपटत अंडी घालत चाललेली आणि नर वर पहारा करतोय. तारेवरच्या त्या गरीब किड्याचं हे एवढं मोठं गणगोत पनवेलपासून हाकेच्या अंतरावर नांदतंय आणि आपल्याला पत्ता नाही, याचंच मला आश्चर्य वाटत होतं.

तिपाई चिखलात रोवली, कापड डोक्यावर घेतलं. काचेवर एक पिवळा चतुर उलटा लटकलेला दिसला. त्याच्या तोंडात काहीतरी वळवळत होतं. नीट पाहिलं तर टाचणी. आपल्याच जातीतल्या किड्याला तो डोक्याकडून शेंगदाण्यासारखं कुरतडत होता आणि तिचे पंख अजून हलत होते. लहानपणी आम्ही यांच्या शेपटीला दोरा बांधून खेळायचो, तेव्हा हे गोजिरवाणे वाटत. खाण्यात दंग असल्याने तो हलेना, म्हणून मी श्वास रोखून प्लेट उघडली, भिंगावरचं झाकण काढलं, लावलं. फोटो झाला.

आणि गावातून रडं उठलं. एका बाईचं, मग चारचौघींचं.

"कोण गेलं गं?" मी कापडातून डोकं काढलं. कुसुम गावाकडे टक लावून उभी होती. तेवढ्यात दोन माणसं बांधावरून धावत आली. पुढचा तरुण, हाशा त्याचं नाव, धापा टाकत म्हणाला, "बाय, सायब नाय आलं? आमी शेतान होतो, आमाला आताच कललं. खुर्ची काढाला सांगितलंय."

"कसली खुर्ची?"

कुसुमने माझा दंड धरला. "वहिनी, या गावांत जिवंत माणसाचा फोटो काढत नाहीत. आयुष्य कमी होतं म्हणतात. दादा इथे येतो तो माणूस गेल्यावरच. अंघोळ घालून, खुर्चीत बसवून फोटो काढतात. मला वाटलं तुला ठाऊक आहे. तूच तर डोळे काढतेस."

माझ्या डोळ्यांसमोरून सगळे म्हातारे एका ओळीत गेले. ती नथ घातलेली आजी. तो फेटा घातलेला. मी त्यांच्या पापण्यांवर ब्रश फिरवताना गाणी गुणगुणत असे. ते हात आता कुठे ठेवावेत ते कळेना.

पण त्याहून मोठा घोळ गावात झाला होता. हाशाचा बाप जोमाकाका तापाने अंथरुणाला खिळलेला. शेतातल्या बाईने आमचा कॅमेरा पाहिला आणि गावात जाऊन सांगितलं, जोमा गेला, फोटोवाले आले. बाहेरच्यांना वाटलं घरच्यांनी सांगावा धाडला, आणि हाशाला वाटलं आपण शेतात असताना घरी बाप गेला. त्याची बहीण बारकी ऊर बडवत घरात शिरली, तर बाप खाटेवर उठून बसलेला आणि विचारतोय, "कोन मेला?"

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात खुर्ची मांडलेली होती. मागे चादरही बांधून झालेली. रडणाऱ्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. जोमाकाका दाराच्या चौकटीला धरून आधी खुर्चीकडे बघत होते, मग माझ्या हातातल्या काळ्या कापडाकडे. म्हाताऱ्याची हाडं मोजून घ्यावीत अशी दशा, पण नजर अशी की मला वर बघवेना.

"हाशा," ते म्हणाले, "तुला लय घाई झाली रं?"

"बा, तुजी शप्पत, मी नाय धाडला सांगावा."

"मंग खुर्ची कोनी मांडली?"

हाशा रडायलाच लागला. एवढा बाप्या माणूस. म्हाताऱ्याला एवढंच दिसत होतं की पोरांनी त्याला जिवंतपणीच सोडून दिलं. मी पुढे झाले. "काका, तुमच्यासाठी नाही आले मी. चतुराचा फोटो काढायला आलेय. तळ्यावरच्या चतुराचा."

एका बाईने तोंडाला पदर लावला. जोमाकाका मला न्याहाळत राहिले. "किड्याचा फोटो? मला काय पोर समजतंस?"

खोटं कसं वाटणार नाही? मलाच ते आता खोटं वाटत होतं. मी म्हटलं, "चला, दाखवते." हाशा आणि बारकीने दोन बाजूंनी धरलं आणि आख्खा गाव मागे घेऊन म्हातारा तळ्यापर्यंत आला. थांबत, खोकत, पण स्वतःच्या पायांनी. मी एका तांबड्या चतुरावर कॅमेरा रोखला आणि काळं कापड त्यांच्या डोक्यावर घातलं. कितीतरी वेळ ते आत होते. बारकी घाबरून कापडाला हात घालायला गेली, तेव्हा आतून आवाज आला, "थांब गो, हलंल तो."

बाहेर आले तेव्हा हसत होते. "उलटा हाय," ते म्हणाले. मग त्यांनी हाशाच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको. खरा बोलतंय ती." आणि माझ्याकडे वळून, "त्या मेलेल्या दगडूचा फोटो तुमीच केला? त्याचे डोले घारे होते. फोटोन काले हायेत."

"हो, मीच," एवढं बोलले.

"मंग माजा आताच काढ."

बायका ओरडल्या, बारकीने पाय धरले, आयुष्य कमी होईल म्हणून विनवलं. "कमी व्हाला उरलाय किती," म्हातारा म्हणाला आणि तळ्याच्या कडेला काठी टेकून उभा राहिला. खुर्ची आणू दिली नाही. माझ्याकडची शेवटची प्लेट मी त्यांच्यावर घातली. पापणी लवली नाही त्यांची.

नंतर तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खायला घातल्याशिवाय कोणी सोडलं नाही. आमच्या दशम्या तशाच परत आल्या.

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी विचारलं, "मला सांगितलं का नाही?" हे पायताणाचा अंगठा सैल करू लागले. "सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता," म्हणाले. मी त्या रात्री जेवले नाही. खरं सांगते, मला रागही यायला हवा होता तेवढा आला नाही, नुसती भीती वाटत राहिली.

चतुराचा एक पंख फोटोत हलला, बाकी सगळा स्पष्ट आला. तो माझ्या पलंगासमोर आजही आहे. त्याला पापण्याच नसतात, हे मला मागाहून कळलं. रोडपालीत आता सेक्टर झालेत, तळं कुठे होतं तेही मला दाखवता येणार नाही. तुम्ही आपल्या घराजवळचं डबकं शोधा, सकाळचं ऊन धरा आणि कोणाच्या गावात शिरण्याआधी कशासाठी आलात ते सांगा.

पुढेही मिटलेले डोळे उघडायचं काम माझ्याकडे येतच राहिलं. पण मी आधी घरच्यांना विचारून घ्यायची, डोळे कसे होते, घारे की काळे, हसरे की रागीट. काही जण सांगता सांगता रडायचे.

जोमाकाका त्यानंतर दोन पावसाळे जगले. ते गेले त्या सकाळी हाशा आमच्या दारात आला. ह्यांनी न विचारताच पेटी उचलली, तसा तो म्हणाला, "नको सायब. नुसता सांगाला आलो. फोटो हाय आमच्याकडं."