बेंजोवरचं रॉक

परवा भाचीने मोबाईलवर केस फुगवलेल्या, चकचकीत कपड्यांच्या एका जुन्या रॉक बँडचा अल्बम लावला. गिटार सुरू झाली आणि मी भिवपुरीच्या आमच्या क्वार्टरमध्ये पोहोचले.

माझ्या थोरल्या ताईने याच अल्बमची कॅसेट फीत झिजेपर्यंत ऐकली होती. गिटार आमच्याकडे कुठली? बाबांचा बेंजो होता. भीमजयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी तेच तो वाजवायचे. त्या वर्षी त्यांचं बोट दारात चेपलं, म्हणून ताई बेंजो घेऊन मिरवणुकीच्या टेंपोवर चढली.

"पोरीला जमंल का रं?" मंडळातले एक काका कुजबुजले.

ताईने आधी भीमगीतं वाजवली. मग चौकात एकदम त्या अल्बममधली गिटार बेंजोवर धावू लागली. ढोलकी गोंधळून थांबली, पण ताशाने ठेका धरला आणि निळ्या गुलालात काकासुद्धा नाचायला लागले. मीही नुसती नाचतच होते. टेंपोवर चढून बेंजो वाजवणारी ती आमच्या वस्तीतली पहिली मुलगी, हे मला आज उमगतं.

"गाणं कुठलं हाय हे?" काकांनी नाचता नाचता बाबांना विचारलं.

पट्टी बांधलेला हात उंचावून बाबा ओरडले, "गाणं ठावं नाय. वाजवतेय ती माझी लेक हाय!"